‘समजलं ना?’ असं विचारू नका

औषधचाचणीचं संमतीपत्र सहज बारा-पंधरा पानांचं होतं. आपल्याकडच्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, 2019’ या नियमांप्रमाणे सहभागीचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, इतकंच नव्हे तर मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची त्याचं नाव-पत्ताही त्यात लागतो. यातलं काही गाळता येत नाही. क्रम मात्र आपल्या हातात असतो. हे संशोधन आहे, नेहमीचे उपचार नव्हेत. किती महिने, किती खेपा. कोणता त्रास होऊ शकतो. यात न येता दुसरे उपचार कोणते. मध्येच सोडलं तर काय – एवढं पहिल्याच पानावर घ्या. अमेरिकेत सरकारी निधीवरच्या संशोधनाला मुख्य माहिती सुरुवातीला देणं 2019 पासून बंधनकारक आहे.

खरी माती होते ती भाषांतरात. ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप केले जाईल’ हे वाक्य मराठीचा प्राध्यापकही घरी जाईस्तोवर विसरेल. त्याऐवजी: ‘तुम्हाला नवीन गोळी मिळेल की सध्या वापरात असलेली, हे डॉक्टर ठरवत नाहीत. चिठ्ठी काढावी तसं संगणक ठरवतो.’ चिठ्ठी चालते, ‘लॉटरी’ नको. लॉटरी म्हटलं की नवी गोळी मिळणं म्हणजे बक्षीस, असा समज होतो. प्लासिबोला ‘खोटी गोळी’ म्हटलं की फसवणुकीचा वास येतो. ‘तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ म्हणा. 10 मिली रक्त म्हणजे दोन चहाचे चमचे, हेही लिहा. आणि ‘कधीही बाहेर पडू शकता’ एवढ्यावर थांबू नका. ‘सोडलंत तरी इथले तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील’ हे सांगितलं नाही, तर माणूस भीतीपोटी थांबून राहतो.

टाइप 14 पॉइंटचा, ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये आणली असेल तर जोडाक्षरं मोडतात; प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घाला.

‘समजलं ना?’ला उत्तर ठरलेलं: ‘हो.’ त्यापेक्षा विचारा, ‘घरी सासूबाईंनी विचारलं, कशासाठी जातेस, तर काय सांगाल?’ उत्तरात ‘डॉक्टर नवीन चांगलं औषध देणार आहेत’ आलं, की संशोधन आणि उपचार यांची गल्लत झालीय हे ओळखा. चुकलेला तेवढाच भाग वेगळ्या शब्दांत सांगा आणि पुन्हा विचारा. सहभागीला वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदार या सगळ्या बोलण्याला हजर हवा, नुसता अंगठ्याच्या वेळी बोलावलेला नको.

समजलेलं एका बैठकीत टिकत नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला, रक्त घेण्याआधी, असे एक-दोन प्रश्न पुन्हा विचारा. संमतीपत्राची प्रत सहभागीला द्यायचीच असते, पण ती घरी कपाटात जाते. सोबत पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड द्या: पुढच्या तारखा, रात्रीही लागणारा फोन नंबर, ‘दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हे दाखवा’. हे कार्डही एथिक्स कमिटीकडून (चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडून) मंजूर करून घ्यावं लागतं, तेव्हा आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकून संमतीपत्राबरोबरच पाठवा.