जुनी वायरिंग आणि नवा भार

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांमध्ये आणि त्यांच्या तळमजल्यावरील दुकानांमध्ये आजही चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी दिसतात. ही वायरिंग झाली तेव्हा घरात चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ एवढाच भार होता. आता त्याच वायरींवर फ्रिज, मिक्सर आणि गिझर चालतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की वायरीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. सतत त्यापुढे तापल्यास ते कडक होऊन तडकते आणि आतले तांबे उघडे पडते.

त्यातच फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घालतो. माझ्या मते यासारखा घातक जुगाड दुसरा नाही, कारण मग फ्यूजच्या आधी भिंतीतली वायरच जळते.

एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच, बसवला की निर्धास्त राहता येते, हा समजही अर्धाच खरा आहे. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल तर प्रवाह मर्यादेतच राहतो, एमसीबीला काहीच कळत नाही, आणि तेवढी जागा मात्र तापत राहते. पिनेच्या छिद्राभोवती तपकिरी कडे उमटते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो. असे दिसताच मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. गिझरसाठी स्वतंत्र वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) त्याच फेरीत बसवून घ्यावा.