अंगठी वितळली तरी पुस्तक संपत नाही

चवथीच्या सुट्टीत ‘द रिटर्न ऑफ द किंग’, म्हणजे टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग, संपवलं एकदाचं. दिवसा पाहुणे, आरत्या, नेवऱ्या, त्यामुळे वाचन सगळं रात्री, आणि आई दर अर्ध्या तासाने विचारणार, लाईट कधी बंद करतोस म्हणून.

टोल्किनला हे नाव पसंत नव्हतं, राजा परत येणार हे कव्हरवरच कळतं ना, त्याला ‘द वॉर ऑफ द रिंग’ हवं होतं. खरं तर ही ट्रिलॉजीसुद्धा नव्हे, एकच भलीमोठी कादंबरी, महायुद्धानंतर कागद महाग म्हणून तीन तुकड्यांत काढली. दुसरा भाग संपतो तेव्हा फ्रोडो, म्हणजे दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला हॉबिट (हॉबिट म्हणजे बुटक्या लोकांची जमात), शत्रूच्या हातात सापडलेला, तो भाग आला नोव्हेंबर १९५४ ला आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ ला, म्हणजे तेव्हाचे वाचक जवळजवळ वर्षभर लटकलेले. मी तिसरा लगेच उघडला तर अर्धं पुस्तक फ्रोडो दिसतच नाही! सगळं मिनास तिरिथ शहराचं युद्ध. ते भारी आहेच, लढायला उतरलेल्या एओविनचा सीन तर काय बोलायचं, पण सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, सोडा.

मला बोलायचंय अंगठी वितळल्यानंतरचं. तिथून पुढे अजून सहा चॅप्टर आहेत, माझा एक मित्र म्हणतो ते स्किप कर, बोअर आहेत. अरे, तिथेच तर खरं पुस्तक आहे! फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि दोन हॉबिट मित्र, असे चौघे घरी, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात शायरला, परततात तर झाडं तोडलेली, गिरणीने ओढ्याचं पाणी नासवलेलं, आणि सॅमच्या बापाची आळी होती तिथे वाळू-खडीची खाण. खाण! मी गोव्यातल्या डिचोलीचा, लोखंडाच्या खाणींच्या भागातला, त्या पानावर थांबलोच. लहानपणी आमच्याकडे वाळत घातलेले कपडे लाल, आंब्याची पानं लाल, रस्त्याला ट्रकांची रांग, पावसात शेतात लाल चिखल. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा धूळ बसली पण डोंगर काय परत उगवले नाहीत, आणि ज्यांचे ट्रक होते त्यांचे हप्ते चालूच होते, तेही खरं.

आणि शायरची वाट लावायला सुरुवात कोण करतो? दुष्ट जादूगार सारुमान नाही, तो नंतर येतो. आधी लोथो, फ्रोडोचा नातेवाईक, आपल्याच गावचा माणूस, शेतं-गिरण्या-खानावळी विकत घेत सुटलेला, माल बाहेर पाठवणारा. बाहेरचे गुंड त्याच्या मागून आले. हे वाचून मला गावातली दोन-तीन नावं आठवली, लिहीत नाही. टोल्किन मात्र प्रस्तावनेत ठासून सांगतो की हा चॅप्टर महायुद्धानंतरच्या इंग्लंडवर नाही, पण आपण दहा वर्षांचे व्हायच्या आधीच लहानपणचा मुलूख नासत गेला हेही तिथेच सांगतो. सिनेमात हा चॅप्टर पूर्ण गाळलाय, मला अजून राग आहे.

त्या गुंडांशी बायवॉटर गावात झालेल्या लढाईत एकोणीस हॉबिट मरतात, आणि फ्रोडो तलवारही उपसत नाही, नुसता लोकांना आवरत फिरतो, शरण आलेल्यांना मारू नका म्हणून. नंतर सॅम गावभर रोपं लावतो, प्रत्येकाच्या मुळाशी गॅलाड्रिएल या एल्फ बाईने दिलेल्या जादूच्या मातीचा एकेक कण. शायर पुन्हा हिरवं होतं, फ्रोडो मात्र बरा होत नाही.

परिशिष्टं अर्धी वाचली, अ‍ॅरागॉर्न (तोच परतणारा राजा) आणि आर्वेनची प्रेमाची गोष्ट तिथे लपलीय ती तरी वाचाच. कॅलेंडरं आणि लिप्या मी सरळ सोडल्या.