आमची वाटचाल: कपाला कान होताच

पुण्यात आम्ही नवराबायकोने मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ काढला तो वाडगे, मग आणि कुंड्यांच्या भरवशावर. भट्टी उघडली की निम्म्या कपांचे कान तडकलेले. एकदा वैतागून मी म्हटलं, "आता याला खराच कान लावते." आणि लावला. गंमत म्हणून फळीवर ठेवलेला तो कप सगळ्यात आधी विकला गेला.

मग लक्षात आलं, आपल्या भाषेने भांड्यांना कधीच माणसात बसवलंय. कपाला कान, माठाला तोंड, सुरईला मान, खुर्चीला तर हात, पाय आणि पाठसुद्धा. आम्ही ते शब्दशः घेतलं आणि भांड्यांना माणसाचे कान, नाक, चेहरे देऊ लागलो, एवढंच.

शब्दशः घेणं महागात पडलं. आईच्या कानाचा प्लास्टरचा साचा केला, त्यातून मातीचा कान काढला. आमची स्टोनवेअरची, म्हणजे भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती ओली असल्यापासून १२२० अंशांच्या दुसऱ्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. ६.५ सेंटीमीटरचा कान ५.७चा झाला. आईने हातात घेऊन विचारलं, "हा कुठल्या पोराचा?" तेव्हापासून साचा नाही, कान हातानेच आणि मोठा घडवायचा.

नाकाने त्याहून छळलं. पहिलं नाक भरीव केलं होतं. वरून वाळलेलं, आतून ओलं. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि पहिल्याच भाजणीत नाक फुटलं. शेजारी एका कॅफेच्या ऑर्डरचे अकरा मग होते, त्यांच्यातही तुकडे घुसले. ऑर्डर गेली. आता नाक, हनुवटी, गाल सगळं आतून कोरून पोकळ करतो, हवेला बारीक भोक ठेवतो आणि भट्टी रात्रभर शंभर अंशांच्या आतच धरतो.

नाकपुड्यांतून चहा ओतणारी किटलीही केली होती. लोक पोट धरून हसायचे, फोटो काढायचे, घ्यायचं कुणी नाही. "शी! नाकातून आलेला चहा कोण पिणार?" खरंच होतं. बंद केली.

प्रदर्शनात विचारतात, ही कल्पना तुमची का? नाही हो. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचे मोचे या प्राचीन संस्कृतीतले कुंभार साधारण दीड हजार वर्षांपूर्वी माणसांच्या चेहऱ्यांचे कुंभ करायचे, इतके हुबेहूब की जणू एकेका माणसाला समोर बसवून घडवलेत. चित्रकार पिकासोने १९४७ पासून फ्रान्समधल्या वालोरिस गावात चाकावर घडवलेल्या ओल्या सुरया वाकवून त्यांना बायकांचे आकार दिले. आम्ही त्या रांगेत फार मागे उभे आहोत.

भाडं अजूनही साधे मगच भरतात, हे लपवत नाही. चेहऱ्याचं एक भांडं वाळायलाच दोन-तीन आठवडे घेतं. तेवढ्यात साठेक मग होतात. तुटलेला कान घेऊन कुणी आलं की वाईट वाटतं, कारण भाजलेल्या मातीला ओली माती धरत नाही. नवा कपच करावा लागतो.

सध्या उतरंड चालू आहे. पाच मडकी, पाच चेहरे, एकावर एक. वरचे चार ठरले. तळाच्या मडक्याला कुणाचा चेहरा द्यायचा यावर घरात खल चालला होता. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझाच दे." ते मडकं सगळ्यात जाड आहे, अजून वाळतंय.