संध्याकाळसाठी ५० मिमी एफ/१.४

सोमवार, रात्री

आज ठरवलंच. स्पॉटमॅटिकवर, म्हणजे माझ्या जुन्या पेंटॅक्स फिल्म कॅमेऱ्यावर, ५० मिमी एफ/१.४ लेन्स बसवायची. नेमकी कोणती, ते अजून ठरायचंय. पण का, ते आजच लिहून ठेवते, कारण बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय आणि दर वेळी माझं कारण थोडं सरकतं.

सध्याची ५५ मिमी एफ/१.८ टाकुमार (पेंटॅक्सच्याच लेन्सचं नाव) उत्तम लेन्स आहे. एफ/४ ते एफ/८ च्या दरम्यान तिच्या निगेटिव्हमध्ये खोट काढायला मला जागा सापडत नाही. मग याहून फास्ट, म्हणजे जास्त उघडणारी, लेन्स कशाला? बहुतेक जण उत्तर देतात, मागचं सगळं विरघळतं म्हणून. आज मी ते गणित कागदावर मांडलं. मागचं किती धूसर होईल हे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं, म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ आकडा. ५५ ला १.८ ने भागलं की ३०.६ मिमी. ५० ला १.४ ने भागलं की ३५.७ मिमी. जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. एक मीटरवरच्या चेहऱ्यासाठी फोकसची खोली काढली (निगेटिव्हवर ०.०३ मिमीचा ठिपका डोळ्याला टोकदार दिसतो असं धरून), तर एफ/१.८ वाली ३.४ सेंटिमीटर देते आणि एफ/१.४ वाली ३.२. म्हणजे धूसरपणासाठी कुणी ५५ सोडून ५० घेत असेल, तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

प्रकाशाचं मात्र तसं नाही. एफ/१.८ पेक्षा एफ/१.४ मधून दीडपटीहून जास्त प्रकाश येतो, जवळपास पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आणि एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून थेट लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यात, हा प्रकाश फिल्मपर्यंत पोचायच्या आधी डोळ्यापर्यंत पोचतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोटो एफ/८ वर घ्यायचा असला, तरी बटण दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी असते. आपण फ्रेम बांधतो, वाट पाहतो, फोकस करतो, ते सगळं त्या उघड्या छिद्रातून. एफ/१.४ मी रोलमधल्या दोन-चार फ्रेमना वापरेन. व्ह्यूफाइंडरमध्ये ती प्रत्येक फ्रेमला वापरली जाईल.

माझ्या स्पॉटमॅटिकच्या पडद्यावर मधोमध मायक्रोप्रिझमचा गोल आहे, बाकी सगळी दुधी काच. दोन अर्धवर्तुळं जुळवून फोकस करायची सोय नाही. मायक्रोप्रिझममध्ये फोकस चुकला की चित्र थरथरतं, जुळला की शांत होतं. दिवे लागणीनंतर ही थरथर अंधारात विरते आणि मग अंदाजच उरतो. लेन्स जितकी उघडी, तितका दुधी काचेवर फोकस पटकन सुटतो आणि पटकन सापडतो. मला संध्याकाळचे घरातले चेहरे टिपायचे असतात, त्यामुळे माझ्यासाठी हेच कारण पुरेसं आहे.

आकड्यांतही सांगते. रात्री साध्या दिव्याखालच्या खोलीत आयएसओ ४०० च्या फिल्मला एफ/२ वर १/३० सेकंद मिळत असेल, तर एफ/१.४ वर १/६० मिळतो. ५० मिमी लेन्स हातात धरून १/६० बहुतेक वेळा निभावतो. १/३० ला माणूस जरा हलला की संपलं.

बुधवार

एफ/१.२ चा विचारही केला, तोही नीट. एम४२ च्या आट्यांत (स्पॉटमॅटिकवर लेन्स ज्या आट्यांनी बसते ते) एफ/१.२ मुळात दुर्मिळ, टोमिओकाची ५५ मिमी सोडली तर नाव घ्यावं असं फारसं काही नाही. खुद्द पेंटॅक्सने ५० मिमी एफ/१.२ आणली ती १९७५ मध्ये, आटे सोडून के बेयोनेटवर, म्हणजे थोडं फिरवून अडकवायच्या जोडणीवर, आल्यावर. निकॉनवाल्यांचं नशीब इथे चांगलं. त्यांच्याकडे १९६५ पासून ५५ मिमी एफ/१.२ होती आणि १९७८ मध्ये ५० मिमी एफ/१.२ आली, जी पुढे कितीतरी दशकं बनत राहिली. १९७७ ची ५८ मिमी नॉक्ट तर खास रात्रीच्या दिव्यांसाठीच घडवलेली. कडेच्या दिव्यांना पंख फुटू नयेत म्हणून तिचं पुढचं भिंग हाताने घासून अगोलीय केलेलं असे. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण एफ/१.४ वरून एफ/१.२ वर गेल्याने मिळतो जेमतेम अर्धा स्टॉप. त्या बदल्यात वजन, आकार, आणि पूर्ण उघडल्यावरचा मऊपणा. निकॉनच्या निक्कोर ५० मिमी एफ/१.२ चं वजन ३६० ग्रॅम आहे. कॅननच्या नव्या एफडी मालिकेतली एफ/१.४ २३५ ग्रॅमची आणि एफ/१.८ फक्त १७० ग्रॅमची. दिवसभर गळ्यात वागवायचं म्हटलं की हे आकडे मानेला कळतात. ज्याचं जवळपास सगळं काम रात्रीचं, त्याने एफ/१.२ जरूर घ्यावी. माझं तसं नाही.

हे वाचताना एक जुनं कोडंही सुटलं. सुरुवातीच्या एसएलआरच्या स्टँडर्ड लेन्स ५५ किंवा ५८ मिमीच्या का असत? २४ बाय ३६ मिमीच्या फ्रेमचा कर्ण तर ४३.३ मिमी, म्हणजे ‘स्टँडर्ड’ त्याच्या आसपास हवी. अडचण आरशाची. लेन्सच्या मागे आरसा वरखाली होतो, त्याला जागा लागते. एम४२ मध्ये बसण्याच्या कडेपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर आहे आणि मागचं भिंग आरशाच्या वाटेत येऊन चालत नाही. दुहेरी गाउस रचनेची (छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं असलेली) फास्ट लेन्स ५० मिमीवर इतकी मागे सरकवणं त्या काळच्या काचेला अवघड होतं, म्हणून फोकल लेंग्थच थोडी वाढवली. १९३६ च्या बायोटारपासून ती चाल आहे, ५८ मिमी एफ/२. सोव्हिएत हेलिऑस ४४ त्याच घराण्यातली. जास्त अपवर्तनांकाची, म्हणजे प्रकाश जास्त वळवणारी, काच हाताशी आल्यावर १९६० च्या दशकात ५० मिमी एफ/१.४ हा आकडा स्थिरावला. निकॉनची १९६२ ची, पेंटॅक्सची १९६४ ची.

हेलिऑस मला आवडते, पण माझ्या कामाला ती चालणार नाही. हेलिऑस ४४-२ चं छिद्र आपोआप बंद होत नाही. उघड्यावर फोकस करायचं, मग कडं फिरवून छिद्र बंद करायचं, मग बटण. तेवढ्यात समोरच्या माणसाचा चेहरा बदललेला असतो.

शुक्रवार

आता टाकुमारमधली कोणती? १९६४ च्या पहिल्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये आठ भिंगं आहेत, त्यातली तीन एकमेकांना चिकटवलेली. लवकरच ती बदलून सात भिंगांची आली आणि या सातांत थोरियमयुक्त काच वापरली. थोरियम ऑक्साइडने अपवर्तनांक वाढतो आणि रंग फार फाकत नाहीत, म्हणून एक भिंग कमी करूनही काम जमलं. आठवाली जमवणाऱ्यांना प्रिय आहे. मला ती शोधत फिरायचं नाही, कारण प्रतीत म्हणावा तसा फरक मला दिसत नाही आणि सातवाल्या भरपूर मिळतात.

थोरियमबद्दल लोक एक तर घाबरतात किंवा हसण्यावारी नेतात. मला दोन्ही पटत नाही. किरणोत्सर्ग आहे, पण तो क्षीण आहे, आणि लेन्स कॅमेऱ्यावर वापरताना काळजी करण्यासारखं काही नाही. ते भिंग घासू नये, फोडू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, डोळ्याला लावायच्या भिंगात अशी काच वापरू नये. एवढं पाळलं की झालं. रोजच्या वापरात जाणवतो तो त्याचा पिवळेपणा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली काच चहाच्या रंगाची होते. कृष्णधवल फिल्मवर ती फिक्या पिवळ्या फिल्टरसारखी वागते, रंगीत स्लाइडवर मात्र सगळं उबदार होऊन बसतं, आणि ज्या प्रकाशासाठी लेन्स घेतली त्यातलाच काही ती खाते.

अतिनील प्रकाशाने हा रंग उतरतो. अतिनील एलईडीखाली किंवा खिडकीतल्या उन्हात बरेच दिवस ठेवावी लागते. उन्हात ठेवताना मागचं झाकण किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावलेलं असलंच पाहिजे. एफ/१.४ ची लेन्स सूर्य एका बिंदूत गोळा करते आणि पडदा, कागद, लाकूड पेटवू शकते. हे कुणी सांगत नाही म्हणून इथे ठळक लिहिते.

कोटिंगकडे माझं जास्त लक्ष आहे. सात भिंगं सहा गटांत, म्हणजे हवेला लागलेले बारा पृष्ठभाग. बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. बारांचा हिशेब केला तर चाळीस टक्क्यांच्या जवळपास प्रकाश फिल्मपर्यंत सरळ पोचतच नाही, आणि त्यातला काही आतल्या आत भटकून सावल्यांवर राख पसरतो. सुपर-टाकुमारला कोटिंग आहेच, पण १९७१ पासूनच्या सुपर-मल्टी-कोटेडला अनेक थरांचं आहे. माझ्या फ्रेममध्ये दिवा असतोच. त्यामुळे सुपर-मल्टी-कोटेड. हा निर्णय मला अजिबात जड गेला नाही.

एक गोष्ट मात्र वापरूनच शिकायची आहे. अशा लेन्स पूर्ण उघडल्यावर गोलीय विपथनाची (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याची) झिलई असते, उजळ कडांभोवती हलकी आभा. एफ/२ ला ती ओसरते, एफ/२.८ ला जाते. पण छिद्र बंद करताना फोकसची जागाही थोडी मागेपुढे सरकते, आणि एसएलआरमध्ये आपण फोकस उघड्यावर करतो. इथे स्पॉटमॅटिकची जुनी पद्धत कामी येते. मीटर चालू करायला कडेची कळ वर ढकलली की लेन्स बंद होते आणि पडदा अंधारतो, लोकांना त्याचाच कंटाळा येतो. पण एफ/२ वर कळ वर असताना फोकस केला, तर ज्या छिद्रातून फोटो निघणार त्यातूनच आपण पाहतोय.

रविवार

आज दोन लेन्स हातात घेऊन पाहिल्या. दोन्ही सुपर-मल्टी-कोटेड ५० मिमी एफ/१.४.

पहिली बाहेरून नवीकोरी. टॉर्च मागून मारला तर आतल्या भिंगावर कडेपासून मधे सरकणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. बुरशी कोटिंग खाते आणि पुसून काढली तरी ठसा राहतो. परत ठेवली.

दुसरीच्या पुढच्या काचेवर एक बारीक ओरखडा, कड्यावरचा रंग घासलेला, काच फिकट पिवळी. आत स्वच्छ. फोकसचं कडं जड पण एकसारखं फिरतं, कुठे अडकत नाही. मग छिद्र लहानमोठं करणारी पाती. एफ/१६ वर ठेवून मागची पिन बोटाने दाबली आणि सोडली, परत परत. दर वेळी झटकन. एसएलआरच्या लेन्सची माझ्या मते हीच सर्वांत मोठी परीक्षा. पात्यांवर तेल आलं असेल तर आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत ती पूर्ण मिटत नाहीत, आणि उन्हातल्या फ्रेम जास्त प्रकाशाने जळतात. हा दोष पूर्ण उघड्यावर कधीच दिसत नाही, म्हणून घरात घेतलेले चाचणीचे फोटो छान येतात. पुढच्या ओरखड्याने चित्र क्वचितच बिघडतं. मागच्या काचेवर असता तर विचार केला असता.

हीच घेतली. उन्हात ती तशीही पूर्ण उघडून वापरता येणार नाही. कॅमेऱ्याचा सगळ्यात जलद शटर १/१०००, आणि आयएसओ ४०० ला भर उन्हात तेवढ्यात एफ/८ ते एफ/११ च्या मधे यावंच लागतं. तेव्हा पहिला रोल कृष्णधवल आणि आयएसओ ४०० चा, दिवे लागल्यानंतरचा. एकाच चेहऱ्याच्या फ्रेम एफ/१.४, २ आणि २.८ वर, फोकस आधी उघड्यावर आणि मग कळ वर ढकलून, छिद्र आणि शटर दोन्ही वहीत लिहून. त्यानंतर लेन्स खिडकीत, मागे फॉइल लावून. रंगीत रोल काच उजळल्यावरच घालेन. फिल्टरचे आटे ५५ मिमीसारखेच ४९ मिमीचे आहेत, त्यामुळे हाताशी असलेले फिल्टर आणि झाकण दोन्ही लेन्सना चालतील.