ऑफच्या दिवशी सकाळी सहाला फोन

परवा माझा ऑफ होता. सकाळी सहाला फोन वाजला, इन्चार्ज सिस्टरचं नाव दिसलं आणि न उचलताच कळलं काय ते. एकीला ताप, एकीने राजीनामा दिलाय, येतेस का? गेले. न जाऊन सांगणार कुणाला, तिकडे जी एकटी उभी असणार ती माझीच मैत्रीण.

"हल्ली नर्सेस मिळतच नाहीत" हे मॅनेजमेंटच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. मिळतात हो, टिकत नाहीत. एक गेली की तिचे पेशंट उरलेल्यांच्या वाट्याला, मग उरलेल्यांचे ऑफ कॅन्सल, डबल ड्युट्या, मग त्यातली एक जाते, आणि हे असंच चालू राहतं.

मागच्या महिन्यातली एक नाईट सांगते. वॉर्डात सव्वीस पेशंट, आम्ही दोघी, त्यातली दुसरी जॉईन होऊन तीन आठवडे झालेली पोर. तिला एका आजींची व्हेन सापडेना, दोनदा टोचून झालं, आजी रडकुंडीला आणि ही पण. तिला मदत करतेय तोवर इकडे औषध सोडणाऱ्या पंपाचा अलार्म ओरडतोय, तिकडे एक नातेवाईक "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून तिसऱ्यांदा आलेले. कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबा मात्र गप्प होते, बेल नाही काही नाही, म्हणून त्यांच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले. बघते तर चादर चाळवत पडलेत, श्वास मोजला तर मिनिटाला बत्तीस, म्हणजे खूपच जास्त. डॉक्टरांना बोलावलं, आयसीयूत हलवलं, वाचले. पण दहा-बारा पेशंट असते तर तासभर आधीच मला ते दिसलं असतं, हे डोक्यातून जात नाही. चार्टमध्ये हा तास कुठेच दिसत नाही.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास केला होता, त्यात ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या बाबतीत असं दिसलं की एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. एक पेशंट! आमच्याकडे पाच वाढले तरी "आजचा दिवस अॅडजस्ट करा".

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. आणि सातातली एक नर्स जन्मली त्या देशात नाही, परदेशात काम करतेय. श्रीमंत देशांना पोरी शिकवण्यापेक्षा शिकलेल्या आणणं सोपं पडतं, आणि जाणाऱ्या पोरीला तरी मी काय बोलू, पगार बघून मीही एकदा फॉर्म भरला होता (मग आईचं आजारपण निघालं, राहिलं). चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. काही गरीब देशांत वॉर्डात नर्सेस नाहीत आणि पास झालेल्या पोरी घरी बसल्यात, कारण पदं मंजूर करायला सरकारकडे पैसे नाहीत.

कॉलेजं वाढवा म्हणतात. वाढवा की, पण शिकवणार कोण? ज्यांना दहा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे त्याच वॉर्डात हव्यात, त्याच वर्गात हव्यात, आणि त्याच कंटाळून सोडून चालल्यात. त्या तीन आठवड्यांच्या पोरीशेजारी कुणी मुरलेली सिस्टर उभी असती तर आजींना दोनदा टोचावं लागलं नसतं. एक सीनियर गेली आणि दोन फ्रेशर आल्या की कागदावर माणसं वाढलेली दिसतात, नाईटला मात्र कमीच पडतात.

कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे याचा आकडाच २००४ पासून कायद्याने बांधलाय, आयसीयूत तर दोनच्या वर नाहीच. आमच्या टी-रूममध्ये हे सांगितलं तर सगळ्या परीकथा ऐकल्यासारख्या बघत बसल्या.

ती नवीन पोर परवा कपडे बदलताना विचारत होती, "ताई, तुम्ही इतकी वर्षं कशा काय टिकलात?" मला धड उत्तर सुचलं नाही, घरचं कर्ज होतं म्हटलं. पुढच्या महिन्याचा रोस्टर लागलाय. माझ्या गुरुवारच्या ऑफवर पेन्सिलने बारीक टिंब आहे, म्हणजे फोन चार्ज करून झोपायचं.