रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे पत्र आले आणि लिहायला बसल्यावर जीवशास्त्राच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. त्यांचे तास ज्यांना लाभले, त्यांना प्रयोगशाळेतील फळ्यावरची ती तीन वर्तुळे आठवत असतीलच. धमनी, शीर आणि केशवाहिनी यांचे ते आडवे छेद असत. रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे, तिची भिंत पाहा आणि काम ओळखा, असा सरांचा आग्रह असे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब सोसायचा म्हणून धमनीचा मधला थर जाड आणि लवचिक. परतीच्या वाटेवर दाब ओसरलेला असतो म्हणून शिरेची भिंत पातळ आणि पोकळी रुंद. केशवाहिनीला मात्र पेशींचा एकच थर, कारण प्राणवायू आणि पोषकद्रव्ये यांची देवाणघेवाण तेथेच व्हायची असते. धमनीत नेहमी शुद्ध रक्त असते असे कोणी म्हटले, की ते अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे नेणाऱ्या फुप्फुसधमनीची आठवण करून देत. नाव ठरते ते रक्त हृदयाकडून निघाले की हृदयाकडे चालले यावरून.

एके दिवशी त्यांनी अस्तनी वर सारली, कोपराच्या वर रुमाल बांधायला लावला आणि हात आमच्यासमोर धरला. शिरा फुगल्या, त्यांवर जागोजागी लहान गाठी उमटल्या. एका शिरेवर खाली बोट दाबून ठेवून दुसऱ्या बोटाने त्यांनी रक्त कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे सारले, तेव्हा मधला भाग रिकामाच राहिला. वरून रक्त मागे ढकलले तरी ते गाठीशी अडले. खालचे बोट उचलताच शीर भरली. गाठ म्हणजे झडप, आणि इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्ताभिसरणाच्या पुराव्यात हाच प्रयोग मांडला होता, हे त्यांनी नंतर सांगितले. धमन्यांतील रक्त शिरांत कोठून जाते, हे हार्वेंना दिसले नव्हते. 1661 मध्ये इटालियन शास्त्रज्ञ मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा ती साखळी जुळली.

आज मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो. पायाची धमनी बंद पडली की पुष्कळदा रुग्णाच्याच पायातील लांब शीर काढून पर्यायी वाट करावी लागते. ती शीर उलटी करून जोडावी लागते किंवा तिच्यातील झडपा कापाव्या लागतात, नाहीतर रक्त पहिल्याच झडपेशी थांबेल. माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना हे समजावताना मी सरांचाच प्रयोग करून दाखवतो. पुढे धमनीचा दाब सोसता सोसता त्या शिरेची पातळ भिंत जाड होऊ लागते, आणि भिंत कामाप्रमाणे घडते हे सरांचे म्हणणे माझ्यासमोर प्रत्यक्ष उभे राहते. रक्तवाहिनीचा आतला थर तिच्या भिंतीतील स्नायूंना सैल होण्याचा संदेश देतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवले. त्या संशोधनाला 1998 चे नोबेल मिळाले, तेव्हा मला सर्वप्रथम सरांची आठवण झाली.

आता हा धडा पडद्यावरच्या चित्रफितीने शिकवला जातो, असे कळते. तांबड्या-निळ्या रंगांनी तो आकर्षक झाला असेल, पण आपल्याच हातावरची झडप त्यात दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते. रुमालाखेरीज काहीच लागत नाही. महोत्सवी वर्षापासून हा प्रयोग पुन्हा वर्गात सुरू करावा, अशी शाळेला माझी मनापासून विनंती आहे.