जुनी बाईक, नवा कॉनसेट आणि दिवसभराचा घाट

कॉनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलल्यानंतरची ही पहिली लांब राइड, त्यामुळे रस्ता कमी आणि हँडल जास्त बघत निघालो होतो. बाईक १९७० च्या दशकातली, ३५० सीसी, पुढे १९ इंची स्पोकवालं चाक. आधी ऐंशीवरून थ्रॉटल सोडला की साठच्या आसपास हँडल थरथरायचं, एक हात उचलला तर अजूनच.

सरळ मोकळा रस्ता लागला तसं मागे कोणी नाही बघून मुद्दाम तेच केलं. दोन्ही हात हँडलवर पण पकड एकदम सैल, आणि थ्रॉटल बंद. सत्तर, साठ, पन्नास... काहीच नाही! खरं सांगतो, हेल्मेटच्या आत ओरडलो मी.

जुन्या कॉनसेटमध्ये सुट्ट्या गोळ्या असतात आणि बाईक बहुतेक वेळ सरळच चालते ना, मग त्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी मार खाऊन वाटीत खळगे पाडतात. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं की मधोमध टक् करून अडकतं ते यामुळेच. आता गोळ्यांऐवजी टेपर रोलर (निमुळते लांबट रोलर) बसवलेत, त्यात लोड एका ठिपक्यावर न येता रोलरच्या पूर्ण लांबीवर पसरतो. फक्त नट जाम आवळायचा नाही, चाक उचललेलं असताना हलक्या धक्क्याने हँडल आपोआप बाजूला पडलं पाहिजे आणि पुढच्या शॉकअपचे (म्हणजे फोर्कच्या दोन पायांचे) खालचे टोक पुढेमागे ओढल्यावर खटखट नको. जास्त आवळलं तर कमी स्पीडला बाईक दारू प्यायल्यासारखी डुलत जाते.

मग घाट. चढताना मजा होतीच, पण मला उत्सुकता उताराची होती. पूर्वी वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली बसायचं आणि बाईक अचानक चंचल व्हायची. हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे लागते, ते अंतर म्हणजे ट्रेल, आणि चाकाला आपोआप सरळ ठेवायचं काम तेच करतं. शॉकअप दबले की हा ट्रेल कमी होतो, म्हणजे नेमका वळणात शिरताना आधार कमी. म्हणून नव्या स्प्रिंग, वर छोटा स्पेसर, आणि दोन्ही पायांत फोर्क ऑइल अगदी सारख्या उंचीला भरलं होतं. मी बसल्यावर एकूण चालीच्या (शॉकअप जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या) चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकं दबतं, तेवढं बरोबर. चाकाचा अ‍ॅक्सल घट्ट करून पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकात अ‍ॅक्सल आवळून धरणारा) ढिला ठेवायचा, पुढून बाईक जोरजोरात दाबायची आणि मगच तो बोल्ट आवळायचा, हे फुकटातलं काम आहे पण त्याने शॉकअप अडकत नाहीत. फोर्कच्या नळीला प्लास्टिकचा झिपटाय बांधला होता, उतार संपल्यावर पाहिलं तर तो शॉकअप पूर्ण दबण्याच्या जागेच्या बोटभर आधीच थांबलेला. म्हणजे खडबडीत वळणात ब्रेक मारूनसुद्धा चाल शिल्लक होती!

वर पठारावर मात्र आडवा वारा होता आणि नव्वदला बाईक डुलायला लागली. पण हे वेगळं. हँडलची थरथर वेगवान असते, हे संथ, मागून येणारं, सगळी बाईकच सापासारखी. अशा वेळी हँडल आवळून धरायचं नाही, स्पीड हळूहळू उतरू द्यायचा. थांबून मागच्या रॅकवरची जड बॅग टाकीवर घेतली, मागच्या टायरमधली हवा बघितली, आणि डुलणं निम्म्याहून कमी झालं. राहिलं ते चिमट्याच्या (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या भागाच्या) बुशचं असणार, मागचं चाक धरून आडवं हलवलं तर बारीक ढिलाई हाताला कळते. पुढचं कितीही सुधारा, मागचं सैल असेल तर त्याचा त्रास हँडललाच होतो.

मुक्कामाला पोचल्यावर इंजिन गार व्हायच्या आत कॉनसेटचा नट तपासला. नवे रोलर नीट बसेपर्यंत थोडी ढिलाई येतेच, तशी ती आली होती, अगदी किंचित आवळला. परत गेलो की आधी चिमटा उघडणार.